एलएलएमच्या दारात ५० टक्के, प्राध्यापकीच्या दारात ५५

एलएलबी झाल्यावर कायदा शिकवायचा असे ज्यांच्या मनात असते, त्यांचा सगळा जोर एकाच प्रश्नावर असतो : कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे एलएलएमला, प्रवेश कुठे मिळेल? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएलएमला बसण्यासाठी खुल्या प्रवर्गाला एलएलबीत ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४५ टक्के गुण लागतात. पुढे सहायक प्राध्यापक होताना मात्र कोणी एलएलबीच्या टक्क्यांपाशी अडवत नाही. तिथे एलएलएमचे टक्के बघतात आणि ते किमान ५५ असावे लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे ५० टक्के.

या दोन आकड्यांमध्ये दरवर्षी अनेक जण अडकतात. प्रवेश मिळाला, वर्ग झाले, पदवी हातात आली, आणि मग कळते की ही पदवी वकिलीच्या पाटीवर लिहायला चालेल, पण नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अर्जाला चालणार नाही. म्हणून एलएलएमकडे पहिल्या दिवसापासून ५५ टक्क्यांची परीक्षा म्हणूनच बघावे.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. समजा तुमच्या अभ्यासक्रमाचे सगळे मिळून १६०० गुण आहेत. ५५ टक्के म्हणजे ८८०. तुम्हाला ८७९ मिळाले, तर टक्केवारी होते ५४.९४. ती वर ओढून ५५ धरली जात नाही. नेटच्या माहितीपत्रकातही पूर्णांकन चालणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. आणखी एक बारकावा असा की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात ५५ टक्के आणि सवलतीचे ५० टक्के हे दोन्ही ग्रेस गुण वगळून मोजायचे आहेत. ग्रेसच्या आधाराने ५५ गाठले असतील, तर पुढे छाननीत अर्ज अडू शकतो. गुणांऐवजी श्रेणी देणारे विद्यापीठ असेल, तर सीजीपीएचे टक्के कसे करायचे याचे त्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्र असते. ते सूत्र छापलेले पत्र किंवा रूपांतराचा दाखला पदवीबरोबरच काढून ठेवा. पाच वर्षांनी, अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षा विभागाच्या खिडकीत उभे राहून तो मिळवणे फार जड जाते. टक्के थोडक्यात हुकले असतील आणि विद्यापीठात श्रेणीसुधाराची सोय असेल, तर तिची मुदत लगेच विचारून घ्या. ही सोय असली तरी कायमची खुली नसते.

एक वर्षाचे की दोन वर्षांचे?

आपल्याकडे एलएलएम दोन प्रकारचे आहे. राज्य विद्यापीठांमध्ये आणि त्यांच्याशी संलग्न विधी महाविद्यालयांत जुने, चार सत्रांचे, दोन वर्षांचे एलएलएम चालते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी एक वर्षाचे आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये घालून दिली : एकूण २४ क्रेडिट. त्यात संशोधन पद्धती व कायदेलेखन, तुलनात्मक सार्वजनिक कायदा, आणि जागतिकीकरणातील कायदा व न्याय हे तीन सक्तीचे पेपर, प्रत्येकी ३ क्रेडिटचे. मग आपल्या विशेष विषयाचे सहा ऐच्छिक पेपर, प्रत्येकी २ क्रेडिटचे. उरलेले ३ क्रेडिट लघुप्रबंधाचे.

एक वर्षाच्या एलएलएमबद्दल मनात धाकधूक असते, आणि तिला कारण आहे. जानेवारी २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवे नियम राजपत्रात काढून एक वर्षाचे एलएलएम बंद करायचे ठरवले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कौन्सिलने त्या वर्षापुरती अंमलबजावणी करणार नसल्याचे सांगितले. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतले एक वर्षाचे वर्ग त्यानंतरही चालूच राहिले आहेत. एक वर्षाची पदवी घेतलेले आज नेट देतात, पीएच.डी. करतात आणि शिकवतातही.

मग निवड कशावर करावी? शिकवायचेच असेल आणि एलएलबीत संशोधनाची सवय लागलेली नसेल, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्त उपयोगी पडतो असे आमचे मत आहे. एका वर्षात लघुप्रबंधाचा विषय नक्की होईपर्यंत दुसरे सत्र उजाडते, आणि नेट-सेटची (सेट म्हणजे तशीच राज्यपातळीवरची परीक्षा) तयारी त्यात बसवताना ओढाताण होते. उलट ज्यांचे वाचन आधीच पक्के आहे, ज्यांना जेआरएफ या संशोधनवृत्तीची वयोमर्यादा गाठायची आहे, त्यांच्यासाठी एक वाचलेले वर्ष मोलाचे असते.

तिसरा एक प्रकार जाहिरातींत दिसतो : घरबसल्या ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने एलएलएम. यापासून लांब राहा. परवानगीशिवाय असे अभ्यासक्रम चालवू नयेत अशी ताकीद बार कौन्सिलने २०२५ मध्ये विद्यापीठांना दिली आहे. नोकरीच्या छाननीत अशी पदवी पहिल्याच टेबलावर बाजूला पडू शकते, आणि भरलेली फी परत मागायला कुठे जागा राहत नाही.

क्लॅट पीजी : १२० प्रश्न, १२० मिनिटे

बंगळुरू, हैदराबाद, भोपाळपासून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट पीजी ही सामायिक परीक्षा आहे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ तिच्यात नाही. त्याची आयलेट ही परीक्षा वेगळी भरावी लागते. क्लॅट आता साधारणपणे डिसेंबरमध्ये होते आणि वर्ग सुरू होतात पुढच्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे एलएलबीच्या शेवटच्या वर्षात दिवाळीच्या आधीच अर्ज गेलेला असायला हवा. निकाल लागू दे, मग बघू म्हणणाऱ्याचे सरळ एक वर्ष जाते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात आणि वयाची अट नाही.

परीक्षा कागद-पेनाची, १२० गुणांची. बरोबर उत्तराला १, चुकीला पाव गुण वजा. प्रश्न सुटे येत नाहीत. एखाद्या निकालपत्रातला, कायद्यातला किंवा नियमातला उतारा येतो आणि त्याखाली प्रश्नांचा गट. उतारा नुसता वाचून सगळी उत्तरे सापडत नाहीत. तो निकाल कशाबद्दल होता, आधीचा कोणता निकाल त्याने फिरवला, हे माहीत असावे लागते. संविधान हा कणा. त्याच्या जोडीला विधिशास्त्र, प्रशासकीय कायदा, करार, अपकृत्य, कौटुंबिक, फौजदारी, मालमत्ता, कंपनी, आंतरराष्ट्रीय, कर, पर्यावरण आणि कामगार कायदा.

पाव गुणाची वजाबाकी किरकोळ वाटते, पण गुणवत्ता यादीत गर्दी दाट असते. ११० प्रश्न सोडवून ७० बरोबर आले, तर ४० चुकांचे १० वजा होऊन हाती राहतात ६०. त्याच माणसाने अगदीच अंदाजाचे २० सोडून दिले असते आणि त्यातले ५ नशिबाने बरोबर आलेले असते असे धरले, तर ६५ बरोबर, २५ चूक, म्हणजे ५८.७५. म्हणजे चारांतून एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी सरासरीने तोटा नाही, आणि एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सोडवण्यातच फायदा आहे. खरा तोटा होतो तो वेळेचा. एका लांबलचक उताऱ्यावर दहा मिनिटे घालवली की शेवटचे दोन उतारे वाचायचेच राहतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या गाइडांत खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ सापडेल. आता ते १०३ आहे. पण जुने निकाल जुन्या कलमांनीच ओळखले जातात, आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखालीच चालतात. त्यामुळे शिकवणाऱ्याला दोन्ही क्रमांक तोंडपाठ हवेत, परीक्षार्थीलाही.

राज्य विद्यापीठांचे प्रवेश वेगळ्या वाटेने होतात. मुंबई, पुणे किंवा गोव्यात एलएलएमसाठी त्या-त्या विद्यापीठाचे वेळापत्रक आणि परीक्षा पाहावी लागते. तीन आणि पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची जी परीक्षा दिली होती, तीच एलएलएमलाही असेल असे गृहीत धरू नका.

प्रवेश हातचा जातो तो गुणांपेक्षा कागदांमुळे. तीन गोष्टी नेहमी नडतात. एक, शेवटच्या सत्राचा निकाल प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर लागतो. अर्ज करतानाच ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि निकाल लांबणार असे दिसले, तर महाविद्यालयाकडून लेखी पत्र घेऊन प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाला आधीच कळवा. तोंडी सांगण्याला किंमत नसते. दोन, विद्यापीठ बदलताना लागणारे मायग्रेशन सर्टिफिकेट. मुंबईतून पुण्याला जायचे तरी ते लागते. तीन, जातीचे दाखले. राज्याच्या यादीत असलेला प्रवर्ग केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, आणि असला तरी नॉन-क्रिमीलेअरचा केंद्राचा नमुना वेगळा असतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय परीक्षेला जोडला की सवलत जाते आणि माणूस खुल्या प्रवर्गात मोजला जातो. राज्यातल्या राखीव जागांसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते ते वेगळेच. समितीकडून ते मिळायला वेळ लागतो, म्हणून एलएलबीच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज टाकलेला बरा.

लघुप्रबंध आणि दहा टक्क्यांची रेघ

एलएलएमच्या लघुप्रबंधाकडे बरेच जण उरकायचे काम म्हणून बघतात. शिक्षक होणाऱ्याने तसे करू नये, कारण पुढच्या पीएच.डी.चा प्रस्ताव बहुधा यातूनच निघतो. विषय इतका छोटा घ्यावा की त्यातले सगळे निकाल तुम्ही स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकाल. 'भारतातील स्त्रियांचे हक्क' हा विषय होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गेल्या दहा वर्षांतल्या पोटगीच्या निकालांत पतीचे उत्पन्न कसे ठरवले गेले, हा होतो.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य सापडले तर दंड नाही. १० ते ४० मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचे. ४० ते ६० मध्ये एक वर्ष दुरुस्त प्रतही देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. कायद्याच्या विद्यार्थ्याला इथे खास अडचण असते. कलमे आणि निकालांतले उतारे शब्दशः द्यावेच लागतात, आणि सॉफ्टवेअर ते सगळे रंगवून दाखवते. नियमांत मात्र कायद्याची कलमे आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या मोजणीतून वगळलेला आहे. म्हणून निकालाचा उतारा घेताना अवतरणचिन्हे न विसरता घाला, आणि अहवाल काढताना अवतरणे व संदर्भ वगळण्याचा पर्याय लावला आहे ना, हे ग्रंथपालांसमोर बसून तपासा. तो पर्याय न लावल्याने प्रामाणिक प्रबंध ३५ टक्क्यांवर दिसू शकतो, आणि पर्याय लावूनही आकडा चढलेलाच राहिला तर दोष खरोखर लेखनात आहे.

नेट आणि सेट

सहायक प्राध्यापक व्हायला एलएलएमचे ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, ही किमान अट. मध्यंतरी विद्यापीठांच्या विभागांत पीएच.डी. सक्तीची होणार होती. २०२३ मध्ये आयोगाने ती सक्ती काढली. १ जुलै २०२३ पासून सर्व उच्च शिक्षण संस्थांसाठी नेट-सेट हीच किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. आयोगाच्या नियमांनुसार रीतसर मिळवलेली पीएच.डी. असेल, तर नेट-सेटमधून सूट मिळते. त्यासाठी पदवी त्या नियमांनुसार असल्याचा विद्यापीठाचा दाखला जोडावा लागतो.

नेट वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, मधे सुट्टी नाही, सलग तीन तास. पहिला पेपर सगळ्यांना सारखा : अध्यापन, संशोधन, तर्क, आकलन, माहिती-तंत्रज्ञान, ५० प्रश्न. दुसरा कायद्याचा, १०० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, एकूण ३००, आणि चुकीला वजाबाकी नाही. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचे कारण नाही. कायद्याचे लोक पहिला पेपर हसत सोडून देतात आणि तिथेच मागे पडतात. पात्रता दोन्ही पेपरांच्या बेरजेवर ठरते, आणि किमान गुण मिळवणारे सगळे पात्र होत नाहीत. बसलेल्यांपैकी वरचे सुमारे ६ टक्केच होतात.

एलएलएमच्या शेवटच्या वर्षात नेट देता येते. पण निकालानंतर दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्क्यांसह एलएलएम पूर्ण झाले नाही, तर ती पात्रता जाते. नुसत्या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. जेआरएफला आहे : खुल्या प्रवर्गाला साधारण ३० वर्षे, राखीव प्रवर्गांना आणि महिलांना सवलत. जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, नंतर ४२,०००. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्यासाठी पूर्णवेळ पीएच.डी. करता येते की नाही, हे बहुधा या रकमेवरच ठरते.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. रचना नेटसारखीच. फरक व्याप्तीचा : सेटची पात्रता आपल्या दोन राज्यांपुरती. बेळगावात किंवा इंदूरमध्ये राहून तिथल्या महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर एमएच-सेट उपयोगाला येणार नाही. नेट किंवा त्या राज्याची सेट लागेल.

जाहिरात कशी वाचायची

जाहिरातीत 'विधी – ३ पदे' असे दिसले, की आधी त्यातली किती पूर्णवेळ, किती अनुदानित, किती तासिका तत्त्वावर आणि बिंदुनामावलीनुसार (आरक्षणाच्या क्रमानुसार) कोणत्या प्रवर्गाला किती, हे बघा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी हेही विषय असतात. त्या पदांना त्या विषयाचे एमए लागते, एलएलएम नाही.

अर्ज जास्त आले की मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते आयोगाच्या गुणतक्त्याने ठरते. विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण, पदव्युत्तर पदवीत ८० टक्क्यांच्या वर असेल तर २५, ६० ते ८० ला २३, ५५ ते ६० ला २०. जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३. शोधनिबंधांना जास्तीत जास्त १० आणि अध्यापनाच्या अनुभवालाही १०. एलएलएममध्ये ५९ आणि ६० टक्क्यांत तीन गुणांचे अंतर पडते, ते एवढ्यासाठी लक्षात ठेवायचे. निवडीच्या अंतिम टप्प्याबाबत राज्य सरकारचे निर्णय वेगळे असू शकतात, म्हणून ज्या तारखेची जाहिरात, त्या तारखेचे नियम हे सूत्र धरा. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने भरतीच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा तोच लागू झाला असे समजून अनेकांनी आपली गणिते बदलली. मसुदा म्हणजे नियम नव्हे, हे निदान कायद्याच्या माणसाने तरी विसरू नये.

आता तासिका तत्त्व. हे जिव्हारी लागणारे दुखणे आहे. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि तरीही 'अनुभव तर मिळतोय' या आशेवर तरुण शिक्षक वर्षे काढतात. आयोगाच्या नियमात तात्पुरती सेवा पुढे मोजली जाण्यासाठी अटी आहेत : नेमणुकीच्या वेळी पूर्ण पात्रता हवी, नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली हवी, आणि एकूण मासिक मेहनताना नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा. शेवटची अट तासिका तत्त्वावरच्या बहुतेकांना ओलांडताच येत नाही. इतक्या वर्षांचे शिकवणे सेवा म्हणून शून्य धरले जावे, हा अन्याय आहे आणि तो नियम बदलूनच दूर होईल. तोवर निदान एवढे करा : नेमणुकीचे पत्र, निवड समितीच्या बैठकीचा उल्लेख, विद्यापीठ मान्यतेचे पत्र आणि बँकेतून आलेल्या मानधनाच्या नोंदी, हे चारही कागद दरवर्षी एका फाइलीत लावत जा. रोखीने मानधन घेऊ नका. मान्यतेचे पत्र आले नसेल, तर प्राचार्यांना लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

पीएच.डी. आणि पुढच्या पायऱ्या

पीएच.डी.साठी २०२२ चे नियम लागू आहेत. पदव्युत्तरला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०), किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या पेट या प्रवेश परीक्षेवर. मार्गदर्शक शोधताना त्यांच्याकडे जागा आहे का, हे आधी विचारा : प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या मार्गदर्शकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नोकरी करत अर्धवेळ करायची असेल, तर संस्थेचे ना हरकत पत्र लागते. रजा न घेता शिकवत-शिकवत केलेल्या पीएच.डी.चा काळ अनुभवात धरला जातो. रजा घेऊन केलेला धरला जात नाही.

सहायक प्राध्यापक शैक्षणिक स्तर १० वर, ५७,७०० रुपये मूळ वेतनावर लागतो. पुढे स्तर ११ ला मूळ वेतन ६८,९०० पासून, स्तर १२ ला ७९,८०० पासून. सहयोगी प्राध्यापक स्तर १३ए ला, १,३१,४०० पासून. प्राध्यापक स्तर १४ ला, १,४४,२०० पासून. स्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षे, नसेल तर सहा. पण एलएलएम ही व्यावसायिक पदव्युत्तर पदवी म्हणून नियमात नावानिशी आहे, आणि तिच्यावर पाच वर्षांत जाता येते. कॅसचा, म्हणजे बढतीचा, प्रस्ताव भरताना कायद्याच्या शिक्षकाने हे एक वर्ष सोडू नये. कार्यालयात इतर विषयांच्या सवयीने 'पीएच.डी. नाही म्हणजे सहा' असे लिहिले गेले, तर नियमातले वाक्य दाखवून दुरुस्त करून घ्यावे. ११ ते १२ पाच वर्षे, १२ ते १३ए तीन वर्षे. तिथे मात्र पीएच.डी.शिवाय दार उघडत नाही. मधल्या काळात ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर ही शिक्षकांची प्रशिक्षणे राहून गेली, की बढतीची तारीख तेवढी पुढे सरकते.

थेट भरतीने सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव आणि सात शोधनिबंध. प्राध्यापकपदाला दहा वर्षे आणि दहा निबंध. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी नियतकालिके याच आकड्यांवर जगतात. असा निबंध मुलाखतीत उघडून समोर ठेवला गेला, तर त्याचा उपयोग होण्याऐवजी नुकसान होते.

शोधलेखन कशाला म्हणतात, याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला, मथुरा खटला म्हणून ओळखला जाणारा. मुंबई उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदाशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार, पुण्याच्या वसुधा धागमवार, आणि रघुनाथ केळकर. पत्रात घोषणा नव्हत्या. मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, हा कायद्याचा मुद्दा निकालातल्याच वाक्यांवर बोट ठेवून मांडलेला होता. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हतीच असे धरावे, हे साक्ष्य कायद्याचे कलम ११४ए तेव्हा आले. नव्या अधिनियमात ते कलम १२० आहे. वर्गात हे कलम शिकवताना ते शिक्षकांच्या एका पत्रातून इथवर आले, हे सांगायला हवे.

सनदेचे काय?

वकिली करत शिकवता येईल का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. विचारायला हवा नेमणूक स्वीकारण्याआधी. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. शिकवण्याला मात्र १९७९ च्या नियमांनी वाट ठेवली आहे : दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नसेल, तर वकिलाला कायदा शिकवता येतो आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू ठेवता येते. तासिका तत्त्वावर किंवा अभ्यागत म्हणून शिकवणारे वकील याच वाटेने येतात. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा थेट अध्यापनाचा कार्यभार १६ तासांचा आणि एकूण काम ४० तासांचे असते. ते पूर्णवेळ पगारी पद झाले. म्हणून रुजू होताना महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करून सनद स्थगित करावी लागते. स्थगितीच्या पत्राची एक प्रत महाविद्यालयाच्या सेवापुस्तकात लावून घ्या आणि एक स्वतःजवळ ठेवा. नोकरी सोडून कोर्टात परत जायचे झाले, तर सनद पुन्हा चालू करण्याच्या अर्जाला तीच जोडायची असते.